दशरथाची शेवटची रात्र

नमस्कार, श्रोतेहो.

रामनवमीला दुपारी बाराला पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो, कौसल्येचं कौतुक होतं. दशरथाचं नाव निघतं ते मात्र कैकेयीच्या जोडीनं. म्हातारा राजा बायकोला वर देऊन अडकला, एवढं बोलून आपण त्याला निकालात काढतो. मला हे पटत नाही. पुत्रकामेष्टी, पायस, दोन वर हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून मी थेट अयोध्याकांडातल्या त्या रात्रीकडे येतो.

राम वनात गेल्याला ही सहावी रात्र. सारथी सुमंत्र रिकामा रथ घेऊन परतला आहे. कौसल्या दुःखाच्या भरात नवऱ्याला नाही नाही ते बोलली आहे आणि राजानं तिच्यापुढे हात जोडले आहेत. अशा रात्री दशरथ तिला तरुणपणी आपल्या हातून घडलेलं पाप सांगतो. श्रावणबाळाची गोष्ट वाल्मीकि रामायणात दुसरं कोणी सांगत नाही, दशरथ स्वतः सांगतो, हे लक्षात असू द्या.

तेव्हा तो युवराज होता. पावसाळ्याचे दिवस. शब्दवेधी बाण मारण्याची त्याला भारी हौस. शरयूच्या काठी अंधारात बुडबुड आवाज आला. हत्ती पाणी पितोय असं वाटून त्यानं बाण सोडला आणि माणसाची किंकाळी ऐकू आली. धावत जाऊन पाहतो तर जटाधारी मुलगा रक्तात पडलेला, शेजारी घागर कलंडलेली. मुलगा म्हणतो, मला माझ्या मरणाचं दुःख नाही. माझे आईबाप आंधळे आहेत, तहानलेले आहेत, त्यांचं कसं होणार? वाल्मीकीनं या मुलाला नावही दिलेलं नाही, कावडही नाही. म्हातारी जोडी आश्रमात वाट बघत बसली आहे.

दशरथ घागर भरून तिकडे जातो. पावलं वाजतात आणि बाप म्हणतो, "बाळा, इतका वेळ का लावलास? लवकर पाणी दे. तुझी आई काळजी करतेय."

पळून जाता आलं असतं. आंधळ्यांना काय कळणार होतं? पण तो म्हणतो, "मी तुमचा मुलगा नाही. मी क्षत्रिय, दशरथ." आणि सगळं सांगून टाकतो. म्हातारा मुनी म्हणतो, हे तू आपण होऊन सांगितलं नसतंस, तर तुझ्या मस्तकाची शकलं झाली असती. त्यानं आपण होऊन सांगितलं, म्हणून तो वाचला. मग दोघांना तो मुलाच्या प्रेताजवळ नेतो. दिसत नाही, म्हणून ते हातानं चाचपून मुलाला ओळखतात. शाप मग येतो: तूही पुत्रशोकानंच मरशील.



हे सांगता सांगता दशरथाची नजर जाते. कौसल्ये, तू मला दिसत नाहीस, असं तो म्हणतो. मध्यरात्री प्राण जातो. चारही मुलांपैकी एकही जवळ नाही, म्हणून भरत आजोळाहून येईपर्यंत राजाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवावा लागतो.

आणखी एक, फारसं न सांगितलं जाणारं. युद्धकांडात रावणवधानंतर दशरथ विमानातून येतो आणि रामाला मांडीवर घेतो. तेव्हा राम एकच मागणं मागतो. कैकेयीला तुम्ही म्हणाला होतात, मुलासकट तुला टाकतो. तो शाप तिला आणि भरताला लागू नये. दशरथ ते मान्य करतो, आणि मग लक्ष्मणाकडे वळून त्यालाही जवळ घेतो.