अडीच टनी ट्रकची धूळ

(दृश्य: टेबल लॅम्पचा उजेड. चिमट्यात धरलेलं एक चाक.)

माझ्या मॉडेल ट्रकचं हे चाक दहा रुपयांच्या नाण्याएवढं आहे. खऱ्या ट्रकवर ते माणसाच्या कमरेला लागायचं. अशी 10 चाकं ट्रकला आणि 2 मागच्या ट्रॉलीला. साच्यातून निघालेल्या प्रत्येक चाकावर मधोमध एक बारीक रेघ उठलेली असते. ती पॉलिशपेपरनं घासून काढायची. एका चाकाला दहा मिनिटं लागतात, बारा चाकांत संध्याकाळ जाते. पण रेघ राहिली, तर कितीही चांगला रंग द्या, ते चाक रबराचं वाटत नाही.

ट्रक आहे अमेरिकन जीएमसीचा सीसीकेडब्ल्यू. सैनिक त्याला लाडानं ‘जिमी’ म्हणायचे. सहा सिलिंडरचं 4.4 लिटरचं पेट्रोल इंजिन, तिन्ही अ‍ॅक्सलना ताकद. रस्ता नसलेल्या जागीही अडीच टन माल वाहील, हा त्याचा करार. दुसऱ्या महायुद्धात असे 5 लाखांहून अधिक ट्रक बनले.

माझं मॉडेल 1/35 मापाचं. म्हणजे खऱ्यातले 35 मिलिमीटर इथे 1 मिलिमीटर. पुढच्या चाकापासून मागच्या जोडचाकांच्या मध्यापर्यंतचं सव्वाचार मीटरच्या आसपासचं अंतर इथे 12 सेंटिमीटरमध्ये बसतं. हे विचित्र माप आलं जपानमधून. तामिया कंपनीनं 1961 च्या सुमारास पँथर रणगाड्याचं मोटारवर चालणारं मॉडेल काढलं. आत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबानं रणगाड्याचा आकार ठरला आणि मग मोजलं तर तो 35 पट लहान निघाला. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तेच माप उचललं.

(दृश्य: कपाट. वरच्या कप्प्यात रणगाडे, खालच्या कप्प्यात ट्रक.)

घरी येणारा पाहुणा आधी रणगाड्याकडे जातो. मीही बरीच वर्षं रणगाडेच केले. मग 1944 च्या उन्हाळ्याबद्दल वाचलं आणि ट्रकनं मला धरून ठेवलं.

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त राष्ट्रांच्या सैन्यानं जुलैअखेर जर्मन फळी फोडली आणि रणगाडे पॅरिसच्या दिशेनं सुसाट निघाले. एवढ्या वेगाची तयारी कोणाचीच नव्हती. फ्रान्सची रेल्वे दोस्तांच्याच बॉम्बहल्ल्यांनी मोडून पडली होती. सामान उतरत होतं शेर्बूर बंदरात आणि किनाऱ्याच्या वाळूवर, आणि लढाई दर दिवशी लांब जात होती. पेट्रोलच पोहोचलं नाही तर रणगाडा म्हणजे रस्त्यात पडलेलं लोखंड. 25 ऑगस्ट 1944 ला ‘रेड बॉल एक्सप्रेस’ सुरू झाली. एक रस्ता फक्त जायला, दुसरा फक्त यायला, आणि दोन्हींवर खुणेसाठी लाल गोळ्याच्या पाट्या. इतर वाहतूक बंद. चार दिवसांत 5958 गाड्या या फेऱ्यात होत्या आणि एका दिवसात 12 हजार टनांहून जास्त माल पुढे गेला. दिवस-रात्र, दोन ड्रायव्हर आळीपाळीनं, 16 नोव्हेंबरपर्यंत.

या ड्रायव्हरांत चारापैकी जवळजवळ तीन कृष्णवर्णीय अमेरिकन होते. त्यांच्या सैन्यात तेव्हा गोरे आणि काळे वेगळे ठेवले जात. काळ्या सैनिकांना बहुतेक वेळा बंदुकीऐवजी स्टिअरिंग, फावडं किंवा हमाली मिळायची. त्या स्टिअरिंगवर अख्खी फौज पुढे सरकली.

(दृश्य: हायवेलगतचं गॅरेज. ट्रकखालून वर पाहणारा कॅमेरा.)

किट जोडणं हे त्यामानानं सरळ काम. खरा प्रश्न रंगाचा. सुरुवातीला मी परदेशी मॉडेलकारांचे फोटो पाहून डाग द्यायचो. त्यांनी गंज दिला तिथे गंज, त्यांनी चिखल दिला तिथे चिखल. दिसायचं छान. पण डाग तिथेच का, हे कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर गॅरेजमध्ये मिळालं. तिथल्या मिस्त्रींना मी मॉडेल दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी ते उलटं केलं आणि आधी खालची बाजू पाहिली. म्हणाले, “दादा, स्प्रिंगचे पाटे एवढे कोरडे कसे? पाट्याला ग्रीस असतं. ग्रीसला धूळ धरते. इथं सगळ्यात जास्त मळ पाहिजे.” मग मला एका उभ्या ट्रकखाली घेऊन गेले. चाकाच्या मध्याभोवती तेलाचं ओलसर काळं कडं, मडगार्डच्या आतल्या बाजूला मातीचे पापुद्रे, पायरीवर फक्त बूट पडतो तिथेच घासलेला पत्रा. टाकीच्या झाकणाखाली डिझेलचा चिकट ओघळ. माझा जिमी मात्र पेट्रोलवर चालणारा. सांडलेलं पेट्रोल उडून जातं, जाताना धूळ धुऊन नेतं. म्हणून माझ्या टाकीवरचा ओघळ काळा नाही, तो धुळीतून वाट काढत गेलेला स्वच्छ पट्टा आहे.

हौद्याची तर वेगळीच गोष्ट. पोलाद वाचवायला युद्धाच्या मधल्या काळात जिमीचा हौदा लाकडी केला गेला. मी पहिल्यांदा त्यावरही नेटानं गंज चढवला होता! लाकडाला कुठला गंज? लाकडावरचा रंग खोक्यांनी घासून जातो, तोही सगळीकडे सारखा नाही. फाळक्याजवळ, जिथून माल ओढून काढतात, तिथल्या फळ्या उघड्या पडतात आणि आत जाल तसा रंग शाबूत. आता मी आधी फळ्यांना लाकडाचा रंग देतो, त्यावर लष्करी हिरवा आणि मग ओल्या ब्रशनं फाळक्याकडचा हिरवा हळूहळू खरवडतो.

(दृश्य: एअरब्रश. हिरव्या रंगाचा पहिला हात.)

हा हिरवा म्हणजे ऑलिव्ह ड्रॅब. बाटलीतला तसाच मारला तर मॉडेल काळपट दिसतं. कारण साधं आहे. मॉडेल आपण 40 सेंटिमीटरवरून पाहतो, पण 1/35 मध्ये ते 14 मीटरवरून पाहिल्यासारखं. लांबची वस्तू फिकी दिसते, म्हणून रंगही थोडा उजळ करायचा. मी पांढरा घालत नाही, त्यानं खडूसारखा कोरडेपणा येतो. मातकट पिवळा घालतो. बॉनेट आणि छतासाठी थोडा जास्त, कारण ऊन तिथे पडतं.

आणि मग तारीख ठरवायची. हो, तारीख. ऑगस्टअखेरचा ट्रक करायचा तर फिकी, पिठासारखी धूळ. नोव्हेंबरचा करायचा तर पावसाळी शरदातला काळा चिखल. दोन्ही एकाच ट्रकवर घालून चालत नाही. मी ऑगस्ट घेतला.

धूळ बसली ती मात्र दुसऱ्या खेपेला. पहिला ट्रक मी जुलैत, ठाण्यात, धो धो पाऊस चालू असताना मॅट वार्निशखाली घेतला. हवेतली ओल वार्निशमध्ये अडकली आणि दोन महिन्यांच्या कामावर पांढरी साय आली. तो हौदा पुसताना हात थरथरत होते. तेव्हापासून वार्निशचं काम दिवाळीनंतरच.

(दृश्य: ट्रकमागे जोडलेली ट्रॉली.)

ही एक टनी, दोन चाकी ट्रॉली. मिलवॉकीच्या बेन हर कंपनीवरून तिला ‘बेन हर’च म्हणतात, जरी ती बऱ्याच कारखान्यांत बनली. ट्रकपेक्षा हिला रंगवणं मला जास्त आवडतं. ट्रकच्या दहा चाकांनी उडवलेलं सगळं हिच्या तोंडावर येतं. म्हणून हिचा पुढचा भाग मागच्यापेक्षा मळका, आणि हूकजवळची दांडी घासून चकचकीत. वर ताडपत्री आहे ती टिश्यू पेपरची, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवलेली. आत जेरीकॅन, म्हणजे पेट्रोलचे पत्र्याचे कॅन, प्रत्येक 13 मिलिमीटर उंच. ओझ्यानं टायर जमिनीशी बसके झालेत. ते तळाशी घासून सपाट केले आहेत, नाहीतर गाडी रिकामी वाटते.

(दृश्य: पूर्ण झालेला देखावा. कॅमेरा रस्त्याच्या पातळीवर.)

रेड बॉलच्या रस्त्यांवर सैनिक जेवणाचे रिकामे डबे फेकायचे. त्यांच्या धारदार कडांनी टायर फाटायचे, आणि टायरचा तुटवडा आधीच होता. म्हणून माझा ट्रक धावत नाही, कडेला उभा आहे. ड्रायव्हर गुडघ्यावर बसलाय, 5 सेंटिमीटरचा माणूस गुडघ्यावर आला की जेमतेम साडेतीन. त्याच्या चेहऱ्याला तपकिरीच्या सहा छटा लागल्या, आधी गडद लालसर, मग गालाच्या हाडावर आणि कपाळावर उजळ होत गेलेल्या. डोळ्यांखाली किंचित जांभळा, कारण तो झोपलेला नाही. हातावर ग्रीस आहे, तेच, मिस्त्रींनी दाखवलेलं.

ट्रॉलीची चाकं ट्रकच्याच मापाची. त्यामुळे स्टेपनी दोन्हींना चालते, आणि त्यानं ती काढून टायरला टेकवून ठेवली आहे.

त्याच्या बुटाजवळ पत्र्याचा एक डबा आहे. दीड मिलिमीटरचा, एका बाजूनं चेपलेला. तो आज चिकटवायचा राहिलाय.

(दृश्य: चिमटा खाली येतो.)