पाटे पिळतात तेव्हा

मंडळी, टोमॅटोच्या हंगामात भरलेली पिकअप शेतातून निघते, बांध ओलांडून डांबरीवर चढायला लागते आणि मागून धाड-धाड आवाज येऊन सगळी बॉडी हादरते. नारायणगावच्या बाजाराला माल नेणाऱ्यांना हे नवीन नाही. मग गॅरेजमध्ये क्रॉस (इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या शाफ्टचा सांधा) बदलला जातो आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तोच आवाज येतो. अशा वेळी क्रॉसचा दोष नसतो. हौसिंग, म्हणजे मागच्या चाकांमधला धुरीचा लोखंडी खोका, स्वतःच गोल फिरायला बघत असतं आणि त्याला धरणारे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा) कमी पडत असतात.

पाटे वजन उचलायला असतात, एवढंच आपण धरून चालतो. बोलेरो पिकअप घ्या, योद्धा घ्या, हायलक्स घ्या. मागचं हौसिंग पुढे-मागे सरकू न देणारं आणि फिरू न देणारं पाट्यांशिवाय तिथे दुसरं काही नाही. जुन्या अ‍ॅम्बेसिडरलाही मागे हीच रचना होती. चाक पुढे फिरलं की तेवढाच जोर हौसिंगवर उलटा येतो आणि पिनियनचं (शाफ्ट जिथे हौसिंगमध्ये शिरतो तिथल्या गिअरचं) तोंड वर उठतं.

हा जोर किती, ते बघा. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) 200 न्यूटन-मीटर धरू. पहिला गिअर साधारण चारास एक, डिफरन्शियल चारास एक. दोन्हीकडे जोर चौपट होतो, म्हणजे हौसिंगवर 3200 न्यूटन-मीटर. मीटरभर लांबीच्या पहारीच्या टोकाला सव्वातीनशे किलोचं ओझं टांगल्यासारखं हे आहे, आणि दोन पाट्यांनी मिळून ते पेलायचं आहे.

पाटा हे पेलतो कसा? जोर देऊन गाडी पुढे काढताना धुरीपासून पुढच्या हुकापर्यंतचा (पाटा चेसिसला जोडतो तिथपर्यंतचा) अर्धा भाग दाबला जातो. तिथे खालची पानं मेन पानाला, म्हणजे सगळ्यात वरच्या लांब पानाला, टेकू देतात. मागच्या अर्ध्या भागात उलट होतं. पानं एकमेकांपासून सुटायला बघतात आणि त्यांना क्लिपा धरून ठेवतात. बाजूने पाहिलं तर पाटा नागमोडी झालेला दिसतो. ब्रेक मारला की हाच प्रकार उलटा, तेव्हा पुढच्या क्लिपांवर ताण येतो. आता चाकाची पकड सुटली, की पिळलेला पाटा झटक्यात सरळ होतो, चाक पुन्हा पकड घेतं, पाटा पुन्हा पिळतो. तो धाड-धाड आवाज हाच. त्यात क्रॉस, पिनियनचं बेअरिंग, सेंटर बोल्ट (सगळ्या पानांच्या मधोमध आरपार जाणारा बोल्ट) आणि शेवटी मेन पान, सगळ्यांवर घाव बसतात.

म्हणून माझा आग्रह आहे, की नवीन काही बसवण्याआधी जे आहे ते घट्ट करा. गाडी धुण्याआधी यू-बोल्टच्या (पाटा हौसिंगला आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टच्या) कडेला वाकून बघा. पानांच्या फटीतून तांबूस गंजाची भुकटी बाहेर आलेली दिसली आणि शेजारीच लोखंड घासून आरशासारखं चकचकीत झालेलं असलं, तर पाटा आत हलतोय हे नक्की. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवायला असतो. हौसिंग धरून ठेवायचं काम यू-बोल्टच्या आवळणीचं. ती ढिली झाली की सगळा जोर त्या बारक्या बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. पाटे उतरवले की यू-बोल्ट नवेच घाला, टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापाला आवळा, आणि भरलेल्या पहिल्या खेपेनंतर पुन्हा आवळा. तुटलेली क्लिप "चालेल" म्हणून सोडू नका. पुढच्या हुकाचं बुशही (हुकाच्या भोकात बसवलेली नळीही) याच वेळी बघून घ्या.

उंची वाढवायला हौसिंग आणि पाट्याच्या मध्ये ठोकळे घालतात, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. रस्त्यावर टायर जिथे टेकतो तिथला जोर पाट्याला पिळतो. टायरपासून पाट्यापर्यंतचं अंतर वाढलं, की तेवढ्याच जोरात पिळ जास्त बसतो. तीन इंचांच्या ठोकळ्याने तो वीस टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि ब्रेक मारतानाही तेवढाच. उंची हवी असेल तर पाट्यांनाच कमान मारून (त्यांचा बाक वाढवून) घ्या.

एवढं करूनही हौसिंग उड्या मारत असेल, तर पाटेवाल्याला सांगा की पुढचा अर्धा भाग कडक करायचाय. पुढे लांब आणि मागे आखूड असं एक पान तो बनवून देऊ शकतो. नुसती पूर्ण लांबीची पानं वाढवली तर रिकामी गाडी आदळत राहते आणि त्याने भाजीची वाट लागते. पुढचा भाग कडक ठेवायचं हे तत्त्व अमेरिकेत क्रायस्लर या कार कंपनीने वेगळ्या रीतीने वापरलं होतं. त्यांच्या पाट्यांत धुरी मधोमध न ठेवता पुढे सरकवलेली असायची, म्हणजे पुढचा भाग आखूड आणि ताठ. उलट 1967 च्या शेव्हरले कॅमॅरो या कारला मागे एकाच पानाचा पाटा होता आणि जोरात पुढे काढली की हौसिंग उड्या मारायचं. 1968 मध्ये एक शॉकअप (धक्के शोषणारा दांडा) धुरीच्या पुढे आणि दुसरा मागे अशी मांडणी करण्यात आली. मागे-पुढे लावलेले शॉकअप ती फिरकी आवरतात. तुमच्या पिकअपला ते तसेच असतील तर संपलेला शॉकअप चालवत राहणं किती महागात पडतं, ते यावरून ध्यानात घ्या.

हौसिंगपासून चेसिसपर्यंत दांडा टाकणं हाही उपाय आहे, पण त्याच्या चेसिसकडच्या टोकाला शॅकल (पुढे-मागे झुलणारी कडी) हवंच. पाटा खाली-वर होताना हौसिंग पुढे-मागे सरकतं. दोन्ही टोकं पक्की बसवलेला दांडा त्याच्याशी झगडतो आणि शेवटी वेल्डिंग तुटतं. शिवाय चेसिसवर काम करण्याआधी मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आणि कंपनीचं म्हणणं बघून घ्या. माल वाहणाऱ्या साध्या गाडीला दांड्याची गरज मला क्वचितच दिसते.

चालवणाऱ्यांना एक सांगतो. चढावर उड्या सुरू झाल्या की अ‍ॅक्सिलेटर दाबून निघायची घाई करू नका, पाय लगेच काढा. गाडी थोडी मागे घ्या, चाकाखाली खडी किंवा गोणपाट टाका आणि क्लच हळूहळू सोडत चढा. आणि हौसिंग किती हलतं ते बघायला गाडी चालू असताना कुणालाही खाली घालू नका. मोबाइल चेसिसला घट्ट बांधा, पिनियनकडे कॅमेरा करा, आणि तो चढ एकदा चढून मग व्हिडिओ बघा.