ताऱ्याचं लुकलुकणं, तंबोऱ्याची जवारी

मंडळी, ताऱ्याच्या लुकलुकण्यातून जिवंत मैफल करायची, तर ताऱ्याचा उजेड थेट स्पीकरला जोडून भागत नाही; जवळपास काहीच ऐकू येत नाही. लुकलुकण्याची बहुतेक कंपनं १०० हर्ट्‌झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) खाली, आणि लहान स्पीकर तिथे मुका. रेकॉर्ड करून वेग वाढवता येतो, पण मग मैफल जिवंत राहत नाही. म्हणून ताऱ्याकडे सूर मागूच नयेत. सूर आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याचा घ्यावा, ताऱ्याने फक्त त्याची जवारी, म्हणजे तारेतून उमटणारी झंकाराची चमक, कमी-जास्त करावी.

तंबोरा माइकवरून प्युअर डेटा या मोफत प्रोग्रॅममध्ये घ्या आणि त्यातला फिल्टर (ठरावीक कंपनंच उठून दिसू देणारी गाळणी) खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या तारेच्या, पाचपट कंपनांच्या आसपास ठेवा. न छेडता आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार तिथेच असतो. तारा उजळला की गंधार खुलतो, मंदावला की मिटतो. कानाला हे फार गोड लागतं.

आता उजेड पकडायचा. ८ इंची दुर्बिणीत आयपीसच्या जागी बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड (उजेडाचा करंट करणारा लहानसा भाग) बसवा, उलटा व्होल्टेज न देता. व्याधासारख्या ठळक ताऱ्यालाही त्यातून काही शे पिकोअँपिअरच (पिको म्हणजे अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग) मिळतात. म्हणून अँप्लिफायरला १ गिगाओहमचा रेझिस्टर लागतो. त्याला बोट लावू नका. बोटाचा घाम आणि कृष्णाकाठचं दव, दोन्हींतून करंट गळतो आणि सिग्नल डुलायला लागतो. रेझिस्टरचे जोड बोर्डावर न टेकवता हवेत अधांतरी करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डबी बंद ठेवा. दुर्बिणीला मोटर हवीच. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराला तारा अर्ध्या मिनिटात डायोडवरून निघून जातो.

गावातली मोठी अडचण म्हणजे रस्त्यावरचे दिवे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा फडफडतात आणि ती घरघर सिग्नलमध्ये शिरते. सेकंदाला १००० नमुने घ्या आणि दर १० नमुन्यांची सरासरी काढा. फडफडीचं एक पूर्ण आवर्तन त्यात बसतं, म्हणून ती जवळजवळ नाहीशी होते. हे आकडे फिल्टरकडे मिडीने (वाद्यं आणि संगणक जोडणारी संदेशपद्धत) पाठवायचे. मिडीच्या साध्या कंट्रोलला १२८च पायऱ्या असतात, फिल्टर सरकताना खरखर येते. पिच बेंडच्या संदेशात १६,३८४ पायऱ्या मिळतात, तोच वापरा.

दुर्बिणीचा मोठा आरसा लुकलुक पुसून टाकतो, कारण हवेतले लहान-लहान थर त्यात एकमेकांत मिसळून सरासरी होते. आरशापुढे ३ इंची भोकाचा पुठ्ठा लावा. उजेड सातव्या हिश्शावर येईल, पण चंचलता वाढेल. कच्चा आकडा फिल्टरला देऊ नका. गेल्या दोन सेकंदांच्या सरासरीने भागून द्या, म्हणजे पातळ ढग आला तरी जवारी बिघडत नाही.

फेब्रुवारीत रात्री नवाच्या सुमारास सांगलीहून व्याध दक्षिणेला सुमारे ५६ अंशांवर असतो, अगस्त्य मात्र जेमतेम २० अंशांवर. त्याचा उजेड डोक्यावरच्या ताऱ्याच्या जवळजवळ तिप्पट हवेतून येतो, म्हणून तो कितीतरी जास्त थरथरतो. व्याधावर लावलेला फिल्टर तसाच ठेवून अगस्त्याकडे वळलात तर गंधार कर्कश होईल. आधी फिल्टरची झेप, म्हणजे ताऱ्यामुळे तो किती सरकतो ते, निम्मी करा, मग दुर्बीण वळवा.