ट्रॉयचा मुलगा

अमेरिकेच्या दक्षिणेतलं 1950 च्या आसपासचं छोटं शहर म्हटलं, की चित्रं ठरलेली. पडवीत डोलखुर्च्या, कोपऱ्यावर कोकाकोलाची पत्र्याची पाटी, रविवारी चर्चला निघालेली कुटुंबं, आणि 'तेव्हा कोणी दाराला कुलूप लावत नसे' हे वाक्य. अलाबामा राज्यातल्या ट्रॉयमध्येही हे सगळं होतं. त्यात खोटं काही नाही. फक्त आठवणी कोण सांगतंय, हे आधी विचारून घ्यावं.

आपल्या गोष्टीतला मुलगा ट्रॉयच्या बाहेर, शेतावर वाढला. जॉन लुइस, पुढे काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातले नेते आणि अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य. जन्म 21 फेब्रुवारी 1940, दहा भावंडांतला तिसरा. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसायचे. 1944 साली त्यांनी साठवलेले 300 डॉलर मोजले आणि 110 एकर स्वतःच्या नावावर केली. घरात वीज नाही, नळ नाही. आसपास सगळी काळ्या शेतकऱ्यांची घरं. सहा वर्षांचा होईतो जॉनने गोरी माणसं पाहिली ती दोनच: टपालवाला आणि दारोदार हिंडणारा फेरीवाला.

शेतात कापूस. विदर्भात ज्यांनी वेचणी केली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पाठ वाकून जाते आणि बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटतात. जॉनला हे काम मुळीच आवडत नसे. हंगामात घरचे शाळा बुडवायला सांगायचे. मग हा पठ्ठ्या सकाळीच शाळेचे कपडे चढवून पडवीखाली दडून बसायचा, आणि बसचा आवाज आला की धूम ठोकायचा. संध्याकाळी बोलणी खायची तयारी असेच.

त्याचं मन रमायचं कोंबड्यांत. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना तो प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करी. कारण दुसऱ्या कोंबड्या तिथेच येऊन ताजी अंडी घालून जातात, आणि मग उबवलेलं कुठलं, ताजं कुठलं, कळत नाही. पिल्लं निघाली की ती दुसऱ्या कोंबडीच्या हवाली करायची, नाहीतर खोक्यात कंदिलाच्या उबेला ठेवायची. आधीचीच्या पोटाखाली पुन्हा नवी अंडी. म्हणजे बिचारी आणखी तीन आठवडे बसून! आपण कोंबड्यांना चक्क फसवत होतो, असं लुइस पुढे हसत कबूल करत. टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स कंपनीच्या कॅटलॉगात अंडी उबवायचं यंत्र मिळे, साधारण 19 डॉलरला. तेवढे पैसे कधी जमलेच नाहीत.

रात्री खुराड्यात तो त्याच कोंबड्यांना बायबल ऐकवी, प्रवचन देई. त्या माना डोलवायच्या, पण 'आमेन' काही म्हणाल्या नाहीत. पुढे संसदेतले सहकारी ऐकत नसत तेवढं त्या ऐकायच्या, हा त्यांचा ठेवणीतला विनोद.

आता गाव. औषधाच्या दुकानातच शीतपेयांचा काउंटर असे. गोरी मुलं उंच स्टुलावर बसून पाय हलवत प्यायची. काळ्या मुलाने तेवढेच पैसे द्यायचे आणि कोकाकोला बाहेर नेऊन प्यायचा. सिनेमाला गोरे खाली, काळे वर माडीवर. जॉनने सिनेमाला जाणंच सोडलं. हे असं का, म्हणून विचारलं तर आईवडील म्हणत, असंच आहे, नसत्या भानगडीत पडू नकोस. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. काय पणाला लागलं आहे ते त्यांना ठाऊक होतं.

1951 च्या उन्हाळ्यात मामाने अकरा वर्षांच्या जॉनला मोटारीने उत्तरेला, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला नेलं. निघताना डबे भरभरून घेतले, कारण वाटेतल्या खानावळींत यांना कोणी जेवू घालणार नव्हतं. स्वच्छतागृह वापरू देणारे पेट्रोल पंप कुठे, हेही मामाने आधीच हेरून ठेवलं होतं. ओहायो या उत्तरेच्या राज्यात शिरल्यावर मामाचा जीव भांड्यात पडला. बफेलोत पाहतो तर शेजारच्या घरात गोरे! तिथून परतल्यावर ट्रॉय त्याच्या डोळ्यांत खुपू लागलं.

1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. जॉनची शाळा होती तशीच राहिली. पुढच्या वर्षी मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिल या काळ्या मुलाचा गोऱ्यांनी खून केला. जॉन तेव्हा पंधराचा. त्याच वर्षी रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांचा आवाज कानी पडला. 1956 मध्ये तो भावंडांना घेऊन ट्रॉयच्या सार्वजनिक वाचनालयात गेला. कार्ड मागितलं. उत्तर आलं: वाचनालय गोऱ्यांसाठी आहे.

गावातल्याच ट्रॉय स्टेट कॉलेजात त्याने अर्ज केला. साधं नकाराचं पत्रही आलं नाही. मग त्याने थेट किंगना लिहिलं. 1958 मध्ये माँटगोमेरीत भेट झाली, तेव्हा किंग त्याला 'ट्रॉयचा मुलगा' म्हणाले. प्रवेशासाठी कॉलेजवर खटला भरायचा तर आईवडिलांची संमती हवी होती. त्यांनी दिली नाही. जमीन जाईल, घर जाळतील, ही भीती अनाठायी नव्हती.

जॉन नॅशव्हिलला परतला; तिथे तो आधीपासून शिकत होता. तिथे अहिंसक लढ्याचे धडे मिळाले जेम्स लॉसन यांच्याकडून. हे लॉसन नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षं राहून गेले होते, आणि बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीतल्या काळ्यांनी घातलेल्या बस-बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली होती 'नागपूर टाइम्स'मध्ये.

ट्रॉयने मनावर घ्यायला वेळ लावला. त्याच कॉलेजने, आता विद्यापीठ झाल्यावर, 1989 मध्ये लुइसना मानद डॉक्टरेट दिली. वाचनालयाचं कार्ड मिळालं 1998 मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. जुलै 2020 मध्ये ते वारले. त्यानंतर काही आठवड्यांतच विद्यापीठाने एका जुन्या इमारतीला त्यांचं नाव दिलं. त्याआधी तिच्यावर नाव होतं गव्हर्नर बिब ग्रेव्हज यांचं. ते कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचे सभासद होते.