आठ खलाशी, पाच गोधड्या

(मिरकरवाडा जेटी, पहाट. बर्फ भरला जातोय.)

रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. पावसाळी बंदी ३१ जुलैला संपली की या ट्रॉलरना उसंत नसते. आता निघालेली ही बोट आठवडाभर परतायची नाही.

(केबिन, आतून.)

ही झोपायची जागा. मोठा कॅमेरा शिरेना, म्हणून फोनवर घेतलीय. खलाशी आठ, गोधड्या पाच. एक पाळी जाळं ओढायला उठते आणि दुसरी त्याच उबेत शिरते. खुंटीला पंचा एकच.

या बोटीवर आजारी कुणी नाही, हे आधीच सांगतो. पण एमपॉक्स हा अंगावर फोड आणणारा विषाणूचा आजार कसा पसरतो, ते दाखवायला याहून चांगली जागा आम्हाला सापडली नाही.

(हातांचं जवळून दृश्य.)

दोराने सोललेले, काट्यांनी टोचलेले हात. रुग्णाच्या अंगावरच्या फोडांत, त्यातल्या पाण्यात, वरच्या खपलीतही विषाणू असतो. कातडीला कातडी लागली, की अशा बारीक जखमेतून तो आत जातो. तोंडातून, डोळ्यांतून, शरीरसंबंधातूनही जातो. आणि लक्षणं दिसायला ३ ते २१ दिवस लागतात. म्हणजे जेटीवरून धडधाकट निघालेला माणूस भर समुद्रात तापाने फणफणू शकतो.

(खलाशी गोधडी झटकतो.)

हे झटकणं पाहा. एरवी चांगली सवय. रुग्णाच्या अंथरुणाला मात्र चालत नाही, खपल्यांचे कण उडतात. ते न झटकता गुंडाळून, वेगळं धुवायचं. सगळ्या खपल्या पडून खाली नवी कातडी येईपर्यंत त्याचं अंथरूण, पंचा, ताटवाटी वेगळी.

(लिलाव, गर्दी.)

समोरासमोर, जवळ, बराच वेळ बसलं तर श्वासातूनही लागण होऊ शकते. बाजारात ओझरता धक्का लागला म्हणून सहसा होत नाही. तरी साथीची नुसती बातमी आली, की पहिला संशय नेपाळहून आलेल्या खलाशावर. भारतातला पहिला रुग्ण जुलै २०२२ मध्ये केरळात सापडला, तो आखातातून विमानाने आला होता.

बहुतेक जण २ ते ४ आठवड्यांत बरे होतात. तान्ही मुलं, गरोदर बाया, प्रतिकारशक्ती खालावलेले यांच्या जिवावरही बेतू शकतं.

(आंब्याच्या बागेत माकडं.)

यांच्यावर बागायतदारांचा राग आहेच, त्यात या आजाराचा आळ नको. १९५८ साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत हा विषाणू माकडांत सापडला, म्हणून नाव मंकीपॉक्स पडलं. माणसातला पहिला रुग्ण १९७० चा, काँगोतलं नऊ महिन्यांचं बाळ. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नाव बदलून एमपॉक्स केलं.

(मासळी विकणाऱ्या आजी बाही वर करतात.)

हा देवीच्या लसीचा व्रण. देवी आणि एमपॉक्सचे विषाणू एकाच कुळातले, त्यामुळे ती लस याच्यापासूनही काही प्रमाणात वाचवते. १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं, टोचणंही थांबलं.

(पुन्हा केबिन.)

आठांत सगळ्यात वडील तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, वय बत्तीस. बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, डाग बऱ्याच जणांच्या दंडावर आहे. आजींसारखा एकाच्याही नाही.