झाड कोणाचं, भाव कोणी ठरवायचा?

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत भाचीकडे गेलो होतो. भिंतीवर गणपतीची तसबीर लावायची होती, म्हणून मी हातोडी घेऊन उभा राहिलो. "मामा, तिथे खिळा धरणार नाही," म्हणत ती बोटांनी भिंत ठोकत गेली. पोकळ, पोकळ, पोकळ... आणि एका ठिकाणी भरीव आवाज आला. "इथे मारा!"

भिंत म्हणजे जिप्समचा बोर्ड, अन् त्यामागे दर सोळा इंचांवर उभा लाकडी दांडा. त्याचं नाव टू-बाय-फोर. मोजायला गेलात तर भरतो मात्र दीड बाय साडेतीन इंच! तिकडची बहुतेक घरं पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांच्या मऊ लाकडाच्या अशाच सांगाड्यावर उभी असतात. म्हणूनच लाकडावरचं आयात शुल्क तिथे थेट घराच्या किमतीला भिडतं.

१४ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मऊ इमारती लाकडावर १० टक्के, आणि स्वयंपाकघरातली कपाटं व गादी बसवलेलं लाकडी फर्निचर (सोफा वगैरे) यांवर २५ टक्के शुल्क लावलं. आधार घेतला १९६२ च्या व्यापार कायद्यातल्या २३२ व्या कलमाचा, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेचा. ओट्याखालच्या कपाटाने देशाच्या सुरक्षेला काय धोका, हे मला अजून उमगलेलं नाही.

सगळ्यात जास्त झळ बसली कॅनडाला. त्यांच्या लाकडावर आधीपासूनच सुमारे ३५ टक्के शुल्क होतं. त्यात या दहाची भर पडून आकडा ४५ च्या आसपास गेला.

हे आधीचं ३५ टक्क्यांचं दुखणं जुनं आहे, १९८२ पासूनचं. आपल्याकडे बांधावरची बाभूळ वखारवाला उभीच विकत घेतो ना, तसा तिकडेही उभ्या झाडाचा भाव ठरतो. फरक एवढाच की कॅनडातली बहुतेक जंगलं सरकारी, त्यामुळे भाव प्रांतिक सरकार ठरवतं. अमेरिकेच्या दक्षिणेत जंगलं बरीचशी खासगी, तिथे बाजार ठरवतो. लाकूड कापणारे अमेरिकन गिरणीवाले म्हणतात, कॅनडाचं सरकार झाडं स्वस्तात देतं, ही छुपी मदतच झाली, म्हणून शुल्क हवंच. कॅनडा म्हणतो, अजिबात नाही. दावे चालले, करार झाले. २००६ च्या करारात तर अमेरिकेने वसूल केलेल्या शुल्कातले सुमारे ४ अब्ज डॉलर परत केले! तो करार २०१५ मध्ये संपला आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मग अमेरिकेने स्वतःचीच झाडं का तोडू नयेत? तोडतातच की. पण दक्षिणेतला पिवळा पाइन जड, वाळताना पीळ धरणारा. भिंतीच्या दांड्यासाठी सुताराला थंड प्रदेशातला हलका, सरळ स्प्रूस हवा असतो. शिवाय नवी गिरणी काही महिन्याभरात उभी राहत नाही.

शुल्क भरतो तो माल मागवणारा अमेरिकन व्यापारी. त्यातलं किती तो सोसणार आणि किती गिऱ्हाइकाच्या बिलात चढवणार, एवढाच प्रश्न. कपाटांवरचं शुल्क १ जानेवारी २०२६ ला ५० टक्क्यांवर जायचं होतं. आदल्या दिवशी ते वर्षभर पुढे ढकललं. अशा धरसोडीत दुकानदारही बोललेला भाव फार दिवस धरून ठेवत नाही.

भाचीने नवी कपाटं घ्यायचा बेत रद्द केला. जुनीच घासूनपुसून रंगवली आणि पितळी मुठी बसवल्या. फोटो पाठवलाय तिने. एक मूठ जराशी वाकडी बसलीय, बाकी झकास!