द्राक्ष लांब का जातं?

(ठाण्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पंखे थोडा वेळ बंद ठेवायला सांगितलेत. उकडेल, पण या प्रयोगाला वाऱ्याची झुळूकही चालत नाही. हे बघा, स्ट्रॉच्या दोन टोकांना दोन द्राक्षं खोचली आहेत, आज सकाळीच जांभळी नाक्यावरून आणलेली. मधोमध दोरा बांधून तराजूसारखी टांगली आहेत. आता हा निओडिमियम धातूचा, खूप जोरदार चुंबक एका द्राक्षाजवळ नेतो, टेकू मात्र देत नाही. पुढच्या रांगेतली मुलं सांगतील, काय होतंय?

"लांब जातंय!" बरोबर. सावकाश, पण लांबच. आता चुंबक उलटा करून दुसरा ध्रुव समोर धरतो. तरीही लांबच. सगळी गोम इथेच आहे. द्राक्षाच्या जागी चुंबक टांगला असता, तर एका ध्रुवाने त्याला ढकललं असतं आणि दुसऱ्याने ओढलं असतं. द्राक्ष दोघांपासूनही दूर सरकतं.

द्राक्षात बहुतेक पाणीच असतं आणि पाणी प्रतिचुंबकीय आहे. म्हणजे चुंबक जवळ आला की त्याच्यात उलट दिशेचं अगदी क्षीण चुंबकत्व उमटतं, आणि चुंबक दूर गेला की तेही जातं. बारावीच्या मुलांना लेंझचा नियम आठवेल: तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक नेला की त्या बदलाला विरोध करणारा प्रवाह त्यात सुरू होतो. अणूतले इलेक्ट्रॉनही याच धर्तीवर विरोध करतात. पुरा हिशोब पुंजभौतिकीशिवाय, म्हणजे क्वांटम फिजिक्सशिवाय, लागत नाही, त्यात आज शिरत नाही. पण एक गोष्ट पक्की लक्षात घ्या: हा विरोध प्रत्येक पदार्थात असतो. लोखंडातसुद्धा! तिथे एकेकट्या इलेक्ट्रॉनांचं स्वतःचं चुंबकत्व एका दिशेने एकवटतं आणि त्या ओढीपुढे हा विरोध दिसेनासा होतो. पाण्यात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असतात, जोडीतले दोघे एकमेकांचं चुंबकत्व फेडून टाकतात, आणि मागे फक्त विरोध उरतो.

शाळेत 'चुंबकीय' आणि 'अचुंबकीय' असा तक्ता मीही वर्षानुवर्षं फळ्यावर काढला. लहान मुलांसाठी तो ठीकच आहे. पण त्यातला दुसरा रकाना अपुरा आहे, हे पुढच्या इयत्तेत कोणीतरी सांगायलाच हवं. तांबं, सोनं, पाणी यांना चुंबक कळत नाही असं नाही.

बिस्मथ हा धातू चुंबकापासून दूर सरकतो, हे डच शास्त्रज्ञ ब्रुगमन्स यांनी 1778 मध्येच टिपलं होतं. 1845 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडे यांनी शिसंयुक्त जड काचेची कांडी विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगली. लोखंडाची कांडी अशा वेळी या ध्रुवापासून त्या ध्रुवाकडे सरळ लागते; काच आडवी फिरली. मग त्यांनी लाकूड, पाव, सफरचंद, मांस, जे हाताला लागलं ते टांगून पाहिलं. माणूस तितक्या हलकेपणाने टांगता आला तर तोही आडवाच राहील, असं त्यांनी लिहून ठेवलंय. 1997 मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेनला भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी सुमारे 16 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्रात जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला. त्याच्या अंगातलं पाणी आणि या द्राक्षातलं पाणी, काम एकच.

आता रक्ताबद्दल, कारण हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. 'रक्तात लोह असतं, म्हणून चुंबकाचं कडं घाला, रक्त खेचलं जातं' असं सांगणारे भेटतात. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं. पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी 1936 मध्ये दाखवून दिलं की ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन प्रतिचुंबकीय असतं. ऑक्सिजन सोडला की ते चुंबकाकडे किंचित ओढलं जातं. पण रक्तात पाणी इतकं, की एकूण रक्त दोन्ही वेळा ढकललंच जातं. त्या कड्यावर पैसे घालवू नका, कळकळीने सांगतो. आणि हिमोग्लोबिनमधला हाच बारीक फरक पकडून एमआरआय यंत्र मेंदूचा कोणता भाग या क्षणी काम करतोय ते दाखवतं! मला याचं आजही अप्रूप वाटतं.

पंखे अजून बंदच राहू द्या. या ताटलीत पाणी आहे. खिडकीचा उजेड त्यावरून भिंतीवर पडलाय. चुंबक पाण्याच्या अगदी जवळ, वर धरला की पृष्ठभाग जेमतेम केसाच्या जाडीइतका दबतो. खळगा डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून भिंतीवरच्या कवडशाकडे बघा, तो हलेल. एकेकाने या; फक्त पेसमेकर बसवलेल्यांनी कृपया मागेच थांबा.